प्रथमेशला कळेल तोच कोड

“मॅडम, आमी लिवलेला ती ठेवतच नाय. सकाळी बघतो, तर सगला पुसलेला!”

प्रथमेश बोलत होता आणि शेजारी सायली मान डोलवत होती. मी चाटच पडले. रत्नागिरीत डिप्लोमाच्या मुलांना मी प्रोग्रामिंग शिकवते. ग्रुप प्रोजेक्टमध्ये ‘हा काहीच करत नाही’ हे दरवर्षी ऐकते. करू देत नाही, ही तक्रार पहिलीच.

आंब्याच्या कलमांवर फवारणी कधी करायची, याची आठवण देणारं ॲप ही तिघं करत होती. तिसरी आफरीन, वर्गात पहिली. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक प्रत्येकाला कोडबद्दल विचारतात. प्रथमेशचे आधीचे विषय राहिलेले. इथे गप्प बसला असता तर त्याचं वर्षच गेलं असतं.

मी आफरीनला बोलावलं.

“मॅडम, त्यांचा कोड गबाळा असतो. समजावत बसण्यापेक्षा मीच लिहिते, पटकन होतं.”

“तुझं होतं. त्यांचं काय?”



कंपन्यांमध्ये कोड रिव्ह्यू असतो, म्हणजे दुसऱ्याने वाचून हो म्हटल्याशिवाय कोड पुढे जात नाही. मी तोच नियम घातला. आफरीनचा कोड प्रथमेश तपासणार, बाकीच्यांचा आफरीन. चूक सांगायची, पुसायचं नाही.

“त्याला कळलाच नाही तर?”

“तर तू पुन्हा लिहायचास.”

एचओडी सर म्हणाले, “अहो मॅडम, पहिल्या नंबरच्या मुलीला कशाला अडवताय?” मी ऐकून घेतलं. नियम बदलला नाही.

प्रथमेशने तिचा कोड परत पाठवला. दुसऱ्यांदाही पाठवला. आफरीनचा चेहरा माशाच्या आमटीतलं तिरफळ चावल्यासारखा झाला. शेवटी लॅबमध्ये खुर्ची ओढून ती त्याला समजावायला बसली. समजावता समजावता तिचाच कोड सोपा होऊन निम्म्यावर आला.

परीक्षेत परीक्षक म्हणाले, “फवारणीनंतर पाऊस पडला तर आठवण पुन्हा यायला हवी. आत्ता करून दाखवा.”

सवयीने आफरीनचा हात कीबोर्डकडे गेला. तिने हात मागे घेतला आणि खुर्ची सोडली.

“प्रथमेश, तू बस.”

त्याने लिहिलं, रन केलं. लाल अक्षरांत एरर! चूक मला दिसली होती, म्हणजे आफरीनला माझ्याआधी दिसली असणार. तिने ओठ दाताखाली धरला.

“थांब, सांगू नको,” प्रथमेश म्हणाला. मग ओरडलाच, “गावला!”

ॲप चाललं. तिघंही पास झाली. प्रथमेशचा अभिमान वाटलाच, पण खरं सांगते, माझी छाती फुगली ती आफरीन गप्प राहिली म्हणून.

यंदा एचओडी सरांनी हा नियम सगळ्या ग्रुपना लावलाय. कल्पना त्यांचीच, असं ते सांगतात. असो. कामचुकाराला दोन शब्द सुनावले की तो कामाला लागतो. हुशार माणसाला मात्र हात आवरायला शिकवावं लागतं, आणि ते आमच्या सिलॅबसमध्ये नाही.