पडायला अक्कल लागते

कुस्तीत जिंकायला अक्कल लागत नाही, पडायला लागते, हे माझं ठाम मत आहे. (हे मत मी ज्यांना ज्यांना ऐकवलं, ते पुढच्या वेळी मला बघून रस्ता ओलांडायला लागले. तरीही ते ठाम आहे.)

मी बोलतोय ती टीव्हीवरची कुस्ती. नव्वदच्या दशकात बंगलोरला आमच्या कॉलनीत केबल आली आणि तिच्या मागोमाग दर शनिवारी संध्याकाळी रंगीत चड्ड्यांतली धिप्पाड माणसं आमच्या हॉलमध्ये येऊन एकमेकांना आपटायला लागली. मी तेव्हा एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होतो. उंची बेताची, वजन त्याहून बेताचं, चष्मा मात्र भरपूर. शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना पाणी द्यायचो आणि बोलू द्यायचो नाही.

त्या मल्लांची इंग्रजी नावं आमच्या मंगलच्या, म्हणजे बायकोच्या, लक्षात राहत नसत. तिनं सगळ्यांची घरगुती बारशी उरकून टाकली होती. अख्खी कॉलनी 'डोंगर'वर फिदा होती. डोंगर म्हणजे चॅम्पियन. त्याला एकूण तीन डाव यायचे: डोळे वटारणं, दंड दाखवणं आणि पुन्हा डोळे वटारणं! माझा जीव जडला होता तो 'जांभळ्या'वर. जांभळी तंग विजार घालायचा आणि दर शनिवारी हरायचा. पण काय हरायचा! त्यांची ती पिंजऱ्यातली कुस्ती आठवली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. डोंगरानं जांभळ्याला लोखंडी पिंजऱ्याच्या टोकावरून खाली सोडलं. सोडलं म्हणजे काय, नुसता हात काढून घेतला! बाकी सगळं जांभळ्यानं स्वतः केलं. हवेत गिरकी, पाठ सपाट, हात पसरलेले, आणि आपटल्यावर सगळा देह गेलेला, फक्त डावा पाय थरथरतोय! अहो, भल्या भल्या नटांच्या अख्ख्या अंगात नसतो एवढा अभिनय त्या डाव्या पायात होता!

हे मी मंगलला तिसऱ्यांदा सांगत होतो, तेव्हा कोल्हापूरहून तिचे वडील थंडीचे दोन महिने राहायला आले.

आबा, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी तालमीत घुमलेले. पुढं गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना पंच म्हणून उभे राहायचे. आमच्या लग्नात त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं होतं आणि (मला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात) म्हणाले होते, "पोरगं हुशार हाय, पर वाऱ्यानं उडंल." लग्नाला सात वर्षं झाली, पण आबांच्या तोंडून मला एकदाही 'शाब्बास' मिळाली नव्हती. तसा माणूस शाब्बासकीचा कंजूष नव्हे! वेळेवर शिट्टी दिली म्हणून त्यांनी आमच्या कुकरला शाब्बास म्हटलेलं मी ऐकलंय. रिक्षावाल्यानं गतिरोधक चुकवला, शाब्बास! नातवानं दूध संपवलं, शाब्बास! मला प्रमोशन मिळालं तेव्हा म्हणाले, "बरं झालं."

पहिल्याच शनिवारी आबा माझ्या शेजारी येऊन बसले. मी खूश! म्हटलं, चला, एक तरी विषय दोघांचा निघाला.

"ह्यो जांभळ्या पडला कसा?" आबांनी विचारलं. "त्येला तर कुनी ढकललंच न्हाई!"

"आबा, तेच तर कौशल्य आहे!"

"न ढकलता पडायला कौशल्य? आमच्या गावात पावसाळ्यात रोज चार जन पडत्यात."

"पण अभिनय बघा ना! तो पाय बघा!"

"पायाला मुंग्या आल्या असतील," आबा म्हणाले. "खोटं हाय समदं. कुस्ती म्हंजे पाठ लागली, संपलं. आनि तुमच्यासारक्या शिकल्या-सवरल्या मानसानं हे बघावं? मंगल, बातम्या लाव गं."

आणि माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, मंगलनं बातम्या लावल्या! त्या क्षणी मी ठरवलं. आबांना या कुस्तीतली कला दाखवायची. तीही टीव्हीवर नाही, प्रत्यक्ष, याची देही याची डोळा. शाब्बास घेतल्याशिवाय त्यांना कोल्हापूरच्या गाडीत बसू द्यायचं नाही!

संधीही चालून आली. आमच्या महाराष्ट्र मंडळाचं स्नेहसंमेलन तोंडावर होतं. मी सांस्कृतिक कार्यक्रम बघणाऱ्या कुलकर्णी वहिनींना गाठलं.

"कुस्ती?" वहिनी दचकल्या. "मारामारी नको हो. समोर कारखान्याचे मोठे साहेब बसलेले असतात."

"वहिनी, ही मारामारी नाहीच. दोन माणसांनी एकमेकांवर विश्वास टाकून केलेलं हे एक प्रकारचं नृत्यच आहे!"

वहिनींनी 'नृत्य' एवढं ऐकलं आणि मला दहा मिनिटं दिली.

प्रतिस्पर्धी म्हणून मी गुंडण्णाला तयार केलं. गुंडण्णा आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. त्याच्या घराण्याच्या कैक पिढ्या बंगलोरातच गेलेल्या, त्यामुळे त्याच्या मराठीला कानडीची फोडणी बसलेली. सहा फूट उंच, दाराएवढा रुंद, आणि स्वभाव असा की झुरळ दिसलं तर त्याला वाट करून द्यायचा. गच्चीवर चार घरच्या गाद्या अंथरून आमची तालीम सुरू झाली.

"अय्यो, लागलं का हो?" मला आपटल्यावर तो दर वेळी विचारायचा.

"गुंडण्णा, तू खलनायक आहेस! आपटल्यावर चौकशी करायची नाही. डोळे वटार!"

"सरी, सरी." (म्हणजे बरं, बरं.) तो डोळे वटारायचा आणि लगेच, "स्वल्प पाणी आणू का?"

पटकथा मी स्वतः बांधली होती. सुरुवातीला गुंडण्णा मला उचलून आपटणार. मी मेल्यासारखा पडणार, फक्त डावा पाय थरथरणार. मग मी उठणार, पुन्हा आपटला जाणार, पुन्हा उठणार, लोक हळहळणार, आणि दहाव्या मिनिटाला टेबलावरून झेप घेऊन मी गुंडण्णाला लोळवणार!

मंगल गच्चीवर गाद्या मागायला आली होती, तिनं हे ऐकलं. "अहो, पडण्यात कला आहे ना? मग शेवटी तुम्ही का जिंकताय?"

"मंगल," मी म्हणालो, "पहिल्या रांगेत आबा असणार आहेत."

जांभळी विजार मी बंगलोरच्याच शिवाजीनगरातल्या एका टेलरकडे शिवायला टाकली. ताणणारं जांभळं कापड त्याच्याकडे नव्हतं, म्हणून त्यानं सॅटिन सुचवलं. वर, मापं लिहून घेताना विचारलं, "बेबी की उमर क्या है साब? स्कूल में डान्स है?" मी म्हणालो, "हां." ती विजार घालून मला उभं राहता येत होतं आणि पडता येत होतं. बसता मात्र येत नव्हतं.

संमेलनाच्या संध्याकाळी स्टेजवर आमच्या गाद्या पसरल्या, कोपऱ्यात माझ्या झेपेचं टेबल ठेवलं. चारी बाजूंनी वाळत घालायची दोरी बांधली, तिचं एक टोक मागच्या पडद्याच्या बांबूला. भावगीतं झाली आणि कुलकर्णी वहिनी माइकवर आल्या. "आता सादर होत आहे एक आगळावेगळा नृत्याविष्कार!" पडदा सरकला. डावीकडून मी जांभळ्या सॅटिनमध्ये, उजवीकडून गुंडण्णा काळ्या चड्डीत आणि बनियनमध्ये. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी नातीचे डोळे झाकले.

इथपर्यंत सगळं पटकथेबरहुकूम होतं. माझ्या ऑफिसातला जोशी पंच म्हणून उभा राहणार होता. त्याला सगळी पटकथा पाठ होती. पण ऐन वेळी वहिनींना आदरातिथ्य सुचलं! "आणि आपलं भाग्य असं की, आज आपल्यात कोल्हापूरच्या मातीतले, जत्रेतले जाणते पंच उपस्थित आहेत. मी आबांना विनंती करते, त्यांनीच पंच म्हणून मंचावर यावं!"

टाळ्या! मी मानेनं 'नको, नको' करत होतो, ते लोकांना व्यायाम वाटलं.

आबा उठले. चपला काढल्या, स्टेजला हात लावून कपाळाला लावला. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, स्टेजच्या कडेच्या शोभेच्या कुंडीतली मूठभर माती उचलली आणि आम्हा दोघांच्या हातावर चोळली. चेहरा असा गंभीर, जणू जत्रेतली शेवटची कुस्ती!

"आबा," मी हळूच म्हणालो, "हे जरा वेगळं असतं. म्हणजे आमचं आधीच ठरलेलं..."

"कुस्तीत बोलायचं नसतं, जावईबापू," आबा म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. "लागा!"

गुंडण्णानं ठरल्याप्रमाणे मला उचललं. मी ठरल्याप्रमाणे उडी मारून त्याला मदत केली. हवेत गिरकी, पाठ सपाट, हात पसरलेले... धप्प! तालमीत एकदाही इतकं सुरेख जमलं नव्हतं. मी डोळे मिटले, देह सोडून दिला आणि डावा पाय थरथरवायला घेतला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! मला भरून आलं. अभिनय सांभाळून मी एक डोळा किलकिला केला, तर आबांनी गुंडण्णाचा हात वर धरला होता.

"पाठ लागली! चितपट! निकाल!"

आमची दहा मिनिटांची कुस्ती, एक कप चहा ओतायला लागतो तेवढ्या वेळात संपली होती!

गुंडण्णा घाबराघुबरा. "अय्यो, नाही नाही आबा! मी जिंकायचं नाही! मी हरणार आहे!"

"जिंकल्यावर हरतंय कोन?" आबा म्हणाले. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवून गुंडण्णाच्या डोक्यावर ठेवला, पाहुण्यांसाठी आणलेला हार त्याच्या गळ्यात घातला, नारळ हातात दिला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, पठ्ठ्या!"

माझी शाब्बास! सात वर्षं जिची वाट बघितली, ती माझ्या डोळ्यांदेखत गुंडण्णाच्या पाठीवर पडली! मी ताडकन उठलो. विजारीतून 'टर्र' असा बारीक आवाज आला, तिकडे लक्ष दिलं नाही.

"आबा, कुस्ती संपलेली नाही! यात पाठ लागली की तीन मोजायचे असतात!"

"कशाला?"

"तेवढ्यात उठलं तर कुस्ती चालू!"

"झोपल्यावर समदीच उठत्यात, जावईबापू. म्हनून कुनी झोपलंच न्हवतं काय?"

प्रेक्षकांत हशा. मोठे साहेब खुर्चीत गदागदा हलताना मला दिसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुसरा कोणी असता तर नमस्कार करून आत गेला असता. पण मी जांभळ्याचा भक्त! मी चष्मा काढून वहिनींच्या हातात दिला आणि तडक टेबलावर चढलो.

"गुंडण्णा! तिथंच उभा राहा! हलू नकोस!"

खालून मंगल ओरडली, "अहो, उतरा! विजार मागून..."

पुढचं ऐकायला मी टेबलावर नव्हतोच. मी झेपावलो होतो!

पटकथेत गुंडण्णा दोन्ही हात पसरून मला झेलणार आणि माझ्यासकट कोसळणार होता. पण पटकथेत त्याच्या हातात नारळ नव्हता. माझं डोकं नारळावर आपटेल, या काळजीनं तो देवमाणूस हळूच बाजूला झाला. मी त्याच्या फेट्याला वारा घालत पुढं गेलो, गाद्या मागे राहिल्या, हाताला दोरी लागली ती घट्ट धरली. दोरीबरोबर बांबू आला, बांबूबरोबर पडदा आला, आणि त्या सगळ्यासकट मी उघड्या लाकडी स्टेजवर असा आदळलो की मागच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, बाहेरचा ट्रान्सफॉर्मर उडाला.

पडद्यामागे पुढच्या नाटकातले एक महाराज अर्धी दाढी चिकटवून बटाटेवडा खात होते, ते तसेच थिजले. मी पाठीवर सपाट. हलायची इच्छा होती, पण अंग ऐकत नव्हतं. फक्त डावा पाय थरथरत होता. तो मी थरथरवत नव्हतो!

आबा आले. वाकले. आधी माझा उजवा खांदा टेकलाय का ते बघितलं, मग डावा. मग कितीतरी वेळ त्या पायाकडे बघत राहिले. माझ्या जवळ तोंड आणून त्यांनी विचारलं, "जीव हाय न्हवं?"

"आहे," मी म्हणालो.

तसे ते प्रेक्षकांकडे वळले. "चाळीस वर्सं फड बघतोय मी. लई मानसं पाडली, लई पडलेली बघितली. पर असं पडनं बघितलं न्हवतं! शाब्बास! शाब्बास, जावईबापू, शाब्बास!"

आणि मला उठवून बसवत त्यांनी जी थाप मारली, ती बरोबर लागलेल्या जागी! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं, असं मी मंगलला आजही सांगतो.

महिनाभर मी पाठीला पट्टा बांधून कारखान्यात गेलो. आबांनी मुक्काम लांबवला. दर शनिवारी संध्याकाळी ते टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे, आणि जांभळ्या पडला की मान हलवून म्हणायचे, "बरं पडलाय. पर आपल्या जावयाची सर न्हाई." बातम्या लावायला आलेल्या मंगलला त्यांनीच हाकलून दिलं.

आता कोल्हापूरला कुठलंही लग्नकार्य असलं की आबा सगळ्या जावयांची पाहुण्यांशी ओळख करून देतात. "हे थोरले, डॉक्टर हाइत. हे मधले, वकिली करत्यात." मग मला पुढं ओढतात, छाती फुगते, आवाज चढतो. "आनि हे आमचे धाकले, बंगलोरचे! हे पडत्यात. पर काय पडत्यात म्हनता!" पाहुणे कौतुकानं माझ्याकडे बघायला लागतात, आणि मी, कुणी प्रात्यक्षिक मागायच्या आत, जवळची भिंत धरून उभा राहतो.