राग आणणारी गोळी

“ताई, राग कमी करायची गोळी असते का हो?” केतकीनं हळूच, मराठीत विचारलं. आयर्लंडमधल्या सँडीफोर्डला मी फार्मासिस्ट आहे; आमच्या फार्मसीत मराठीचा हा एक फायदा, रांगेतल्या कुणाला कळत नाही.

“कुणासाठी?”

“निखिलसाठी. काल ताट भिंतीवर फेकलं. भात गार होता म्हणून.”

निखिल तिचा नवरा, पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याला दोनदा फिट आली होती, तेव्हापासून लेव्हेटिरासिटॅम सुरू होतं. फिट म्हणजे मेंदूतल्या विजेचा अचानक उडालेला गोंधळ. हे औषध तो आवरतं. औषध चांगलंच आहे. पण काहींना झोप येते, चक्कर येते आणि काहींचं डोकं सदा तापलेलं राहतं.

मी हे सांगितलं तशी ती रडायलाच लागली. “सासूबाई म्हणतात, पुरुषाला राग असायचाच. म्हणजे तो गोळीचा आहे? मग आजपासून देतच नाही!”

“अजिबात नाही. एकदम बंद केली तर फिट परत येईल, जिवावर बेतेल. त्याला घेऊन ये.”

दोघं आले. “औषधाचा काही त्रास?” मी विचारलं.

“नाही. ग्रँड आहे मी.”

आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे ‘बरं आहे, विषय संपला’. त्याच्या फिटच्या क्लिनिकमधल्या नर्सलाही तो दर वेळी हेच सांगायचा.

“ताटाचं सांग ना,” केतकी म्हणाली. तो लालबुंद झाला.

माझ्या आयरिश बॉसला, डेक्लनला, त्यातलं फक्त ‘ग्रँड’ कळलं. तो मागून पुटपुटला, “युअर मॅन इज ग्रँड. लीव्ह इट.” म्हणजे, हा माणूस बरा आहे, सोड विषय.

माझं डोकं फिरलं. “तो ग्रँड आहे, बायको नाही!”

निखिलनं केतकीकडे पाहिलं. मग म्हणाला, “करा क्लिनिकला फोन.”

डॉक्टरांनी औषध बदललं. जुनं हळूहळू कमी, नवं हळूहळू वाढवत. फिट आली नाही आणि निखिल निवळला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग एक दिवस केतकी एकटीच आली. तिनं दूरच्या किलकेनी शहरात नोकरी घेतली होती. तिथेही एकटीच जाणार होती, निखिलला सोडून.

“अगं, पण आता बरा आहे ना तो?”

“बराय. ताई, एक सांगा. तीच गोळी घेऊन तो रोज ऑफिसला जायचा. तिथे एकदाही आवाज चढवला नाही. गोळीला घर आणि ऑफिस कसं कळायचं?”

या औषधाचे सगळे साइड इफेक्ट मला तोंडपाठ आहेत. घर आणि ऑफिस ओळखणं त्यांत नाही. राग गोळीनं आणला होता. कुणावर काढायचा, ते निखिलनं ठरवलं होतं.