बर्फावरचं मीठ

आमच्या निमगाव सावातला खाटीक शिळा माल विकतो, असं अजूनही काही जण बोलतात. ते खोटं आहे. ते बोलणं माझ्यामुळे सुरू झालं.

माझी पुतणी मंचरच्या कॉलेजात संशोधन करते. बकऱ्याच्या डोळ्यातला मागचा पातळ पडदा काढायचा आणि त्यातले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला शक्ती पुरवणारे बारीक कण, जिवंत वेगळे करायचे. आमच्या खाटकाकडून डोळे पोचवायचं काम मी अंगावर घेतलं.

"काका, नुसत्या बर्फावर ठेवा. दुसरं काही करू नका. गोठले तर कण मरतात," ती म्हणाली.

पण मी जन्मभर जत्रांतून कुल्फी विकलेली. बर्फ दिसला की हात खड्याच्या मिठाकडे जातो, मिठानं गारठा वाढतो. हायवेला गाड्या तुंबणार म्हणून डब्यात मूठभर टाकलं. कॉलेजच्या फाटकाशी उघडून पाहिलं, तर डोळे गोट्यांसारखे कडक. डोळ्यांची पिशवी तळहातांत धरून ते मऊ केले आणि गुपचूप आत गेलो.

तिनं पडदा कुटला, मशीनमध्ये गरगर फिरवला, तळाचा गाळ यंत्रात सोडला. कण जिवंत असले की ऑक्सिजन खातात आणि कॉम्प्युटरवरची रेघ उतरत जाते. रेघ आडवीच राहिली.

डोळे शिळे असतील म्हणून तिनं खाटकाला फोन लावला. तो तिकडून ओरडला, "ताई, जनावर सकाळी माज्या हातानं कापलंय! काकांना इचारा, समोरच उभं व्हते!"

ती माझ्याकडे वळली. "हो ना, काका?"

"मी नीट बघितलं न्हाई," मी म्हणालो.

पुढचे डोळे मंचरच्या खाटकाकडून आणले, बिनमिठाचे. रेघ झरझर उतरली आणि ती गोष्ट गावात पोचून आमच्या खाटकाचं नाव खराब झालं. त्याच्या दुकानावरून जाताना मी मान खाली घालायचो. तो हाक मारायचा, "राव, तुमचंच डोळं तपासाया द्या की!" लोक हसायचे. मग तीच माणसं दुसरीकडून मटण घेऊ लागली. त्यानं हाक मारणं बंद केलं, तेव्हा मला जास्त भीती वाटली.

शेवटी पुतणीला सांगितलं.

"मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा. गिऱ्हाइकं असताना."

रविवारी गेलो. चार माणसं उभी होती. मिठाचं कसंबसं सांगितलं. त्याचा सुरा थांबला.

"परत सांगा, काका," तो म्हणाला. "मोठ्यानं."

मी परत सांगितलं.