सिनावच्या माळावरचं कंकण

२०१९ साल. मी अडुसष्ट वर्षांचा आणि समोरच्या फ्लॅटमधले इंजिनेर साहेब साठीला टेकलेले. हा माणूस बिल्डिंगीबाहेर पडला की आधी कपाळावर हात धरून आभाळ बघायचा, मग गाडीची चावी शोधायचा. "बघायला काय पैसे पडतात?" हे ठरलेलं. असा एखादा तुमच्याही शेजारी असेल. आमचे साहेब आता कायमचे चंद्रपूरला गेले. मस्कतमधल्या वादी कबीरच्या आमच्या जिन्यात आता ग्रहणाची वर्दी द्यायला कोणी येत नाही.

मी चौथी शिकलेला, रत्नागिरीकडचा मुसलमान, वेल्डिंगचं वर्कशॉप माझं. ते बौद्ध, मोठ्या कंपनीत. ग्रहण कधी, कुठून दिसणार, हे ते घरोघर सांगत फिरायचे आणि ग्रहणात मुद्दाम पोहे करून वाटायचे. आदल्या वर्षी चंद्रग्रहणाला वरच्या वहिनी पोटुशी, पडदे लावून बसलेल्या. साहेबांनी दार वाजवलं.

"वहिनी, गच्चीवर या! चंद्राला तुमच्या बाळाचा पत्ता दिला कोणी?"

वहिनी आल्या नाहीत. नवरा मात्र येऊन दोन प्लेटी पोहे खाऊन गेला.

डिसेंबरात सूर्यग्रहण आलं. मस्कतहून नुसती कोर दिसणार, दोन-अडीच तासांवरच्या सिनावला गेलं तर सूर्याचं अख्खं कंकण.

"सूर्य काय तिकडं दुसरा आहे?" मी म्हटलं.

"चाचा, दहा वर्षांपूर्वी असंच कंकण रामेश्वरला दिसलं. कंपनीच्या अर्बाबनं, मालकानं, रजा दिली नाही. हे सोडायचं नाही."

त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. म्हणाली, "मी पण येणार."

साहेब चष्मा पुसायला लागले. "रस्ता लांबचा आहे गं."

"बाबा, रस्ता एकदम स्मूथ आहे. दुसरं काही असेल तर सांगा."

"दुसरं काय असणार!" पण आवाज पडलेला.

मी सोडतो काय? "साहेब, सूर्याला कोणी पत्ता दिला वाटतं!"

मुलगी हसली. साहेब हसले नाहीत. "गाडी मी चालवतो, पोरी. यल्ला, चला," मी म्हटलं, विषय खलास.

उजाडायच्या आधी निघालो, फजरची नमाज वाटेत पढलो. सिनावबाहेरच्या माळावर गाडी लावली. बोचरी थंडी. सूर्य उगवला तोच कुरतडलेला. मुलीनं कागदी चष्मा लावला, आणि साहेबांनी अंगातलं जाकीट काढून दोन्ही हातांनी तिच्या पोटापुढं धरलं. स्वतःची पाठ सूर्याकडं.

"हे काय करताय, बाबा?"

"ऊन लागेल."

आमचे दात वाजत होते आणि ह्यांना ऊन! हळूहळू उजेड जुन्या पितळेसारखा झाला. मुलगी ओरडली, "बाबा, रिंग! पूर्ण झाली!"

साहेब वळेनात. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते पाठीमागं, आणि हा माणूस जाकीट धरून खांबासारखा उभा. कंकण टिकतं दोन-तीन मिनिटं. मी जाकीट हिसकलं. "आण इकडं! वळ तिकडं!" शिकलेल्या माणसाला अरेतुरे केलं, त्याचं मला काही वाटलं नाही.

साहेब वळले. खिशातला कागदी चष्मा लावला. "अगं..." एवढंच म्हणाले. मुलीनं त्यांचा दंड धरला. बापलेक बघत राहिले. मी सूर्याकडं पाठ करून तिच्या पोटापुढं जाकीट ताणून धरलं आणि मान वळवली नाही. एकदा धरलं म्हणजे धरलं.



दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होतो तर बेल वाजली. साहेब दारात.

"चाचा, जूनमध्ये पुन्हा कंकण आहे. इथंच, ओमानात."

"मला काय त्याचं? काल बघितलं मी."

"नाही बघितलं."

"बघितलं म्हणतो ना!"

"बरं," म्हणाले. आपला कागदी चष्मा माझ्या शर्टाच्या खिशात खोचला आणि मी स्वतःसाठी गाळलेला चहा उचलून उभ्या उभ्या पिऊन गेले.