स्वच्छ तळ्यातली कोळंबी

आमच्या भावजींइतका मासळीवर जीव टाकणारा आणि जन्मात मासळी तोंडात न घातलेला माणूस अख्ख्या कावेरीकाठी दुसरा झाला नसेल. भावजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. कांद्यालाही नाक मुरडणाऱ्या कुंभकोणमच्या मराठी घरातले, पण झाले समुद्रशास्त्रज्ञ, आणि कोळंबीत, माशांत कुठलं औषध, कुठलं विष उतरतं ते शोधण्यात त्यांनी उमर घातली. अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा आणि मांडीवर बर्फातल्या कोळंबीचा डबा, अशा थाटात ते बसमध्ये बसत. शेजारची जागा थेट नाचियार्कोविलचा थांबा येईपर्यंत रिकामी. अक्का तो डबा उंबऱ्याच्या आत येऊ देत नसे, म्हणून दाराबाहेरच्या ओट्यावर त्यांच्यासाठी वेगळा फ्रिज होता, आणि येणारे-जाणारे त्याला देवघर समजून नमस्कार करत. मासळीबाजारात ते एकेक मासा उचलून कल्ले उघडत, वास घेत, कुठल्या पाण्यातला म्हणून विचारत, आणि न घेताच पुढे जात. एकदा कोळीण म्हणाली, "सार, मासा घेताय की मुलगी बघताय?" भावजी गंभीरपणे म्हणाले, "मुलगी बघताना इतकं विचारलं नव्हतं, अम्मा." घरी हे ऐकून अक्का दोन दिवस बोलली नाही.

आता माझं सांगतो. समुद्राकडच्या बाजूला माझी कोळंबीची दोन तळी आहेत. सोवळ्यातल्या आईला आम्ही मिठाचा धंदा आहे असं सांगितलं होतं. भावजींना मात्र सगळं ठाऊक, आणि त्यांना माझा अभिमानच. कारण आजूबाजूच्या तळ्यांत बंदी असलेलं औषध घालतात हे ते दाखवू पाहत होते, आणि त्यासाठी त्यांना औषधाचा थेंबही न लागलेली कोळंबी हवी होती, बाकीची जिच्याशी ताडून बघायची. तसली कोळंबी विकत मिळत नाही. ती विश्वासाने घ्यावी लागते. त्यांनी माझी घेतली. "घरचं तळं असतांना बाहेर कशाला धुंडू?" म्हणाले.

त्याच हंगामात माझ्या तळ्यात रोग शिरला. सकाळी काठाला मेलेल्या कोळंब्यांचा थर. खाद्याच्या एजंटाने एक पूड दिली, मी ती खाद्यात कालवली. कोळंबी जगली. डबा भरून मी भावजींना नेऊन दिला आणि अक्काच्या हातची कॉफी पिऊन परत आलो.

त्यांच्या यंत्रावर माझ्या स्वच्छ कोळंबीतही तेच बंदीचं औषध दिसलं. दुसरा कोणी असता तर त्याने तळ्याच्या मालकावर संशय घेतला असता. भावजींनी घेतला तो स्वतःच्या भांड्यांवर, मग हातांवर. काचेच्या नळ्या पुन्हा पुन्हा धुतल्या, माझ्याकडूनच पुन्हा कोळंबी नेली, पुन्हा तेच. शेवटी आपल्याच हातून कुठेतरी घाण मिसळते आहे असं वरिष्ठांना कळवून त्यांनी सगळं काम मागे घेतलं. ज्यांच्या तळ्यांवर बोट ठेवलं होतं त्यांनी फटाके लावले. त्यानंतर हा माणूस कॉफीचा पेलाही चारदा विसळून घेऊ लागला, आणि आम्ही, मीसुद्धा, त्यांच्या शिवाशिवीवर हसायचो.

गेल्या महिन्यात ते माझ्याकडे आले. कोणी जुनी विद्यार्थिनी तेच काम नव्याने करते आहे. "तिला स्वच्छ कोळंबी होणे रे. तुझ्याच तळ्यांतली दे. या वेळीं हात तिचे आहेत, चूक व्हायची नाही."

"माझी देऊ नका, भावजी," मी म्हणालो.

"कां?"

मग सांगितलं. पूड, एजंट, दोन्ही वेळचे डबे, सगळं. सांगताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो.  ते हळूच म्हणाले, "म्हणजे यंत्र खरं बोलत होतं." त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटका झाल्यासारखं काही आलं, आणि मला वाटलं, संपलं, इतकंच होतं. पण ते पुढे म्हणाले, "आणि ती बाकी कोळंबी? कोण्ही खाल्ली?"

इतकी वर्षं मी भावजींचा गुन्हेगार म्हणून झोपत नव्हतो. हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता.

"एजंट घेऊन गेला," मी म्हणालो. "पुढचं ठाऊक नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं होतं. खुर्चीत तसेच बसून राहिले, मान किंचित कलती करून, मला आठवेल आणि मी सांगेन अशा भरवशाने, वाट बघत.