टाकीची शिडी

सरकारी पाणी तपासनीस बाईंना वस्त्यांवरचे लोक मागून ‘बाटलीवाली’ म्हणत. ते ऐकून, दारू विकणारी समजून एका नव्या कंडक्टरने त्यांना बसमध्ये घ्यायलाच नकार दिला. शेवटी नमुन्यांची पेटी उघडून, बर्फात ठेवलेलं साधं नळाचं पाणी त्याला दाखवावं लागलं. हा किस्सा सांगून हसावं असं बाईंच्या घरी कोणी नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक दूरच्या शहरात. रविवारी फोन करायची, तोही भाजी चिरता चिरता.

बाईंकडे बेचाळीस वस्त्या होत्या. प्रत्येक वस्तीचा स्वतःचा पंप, स्वतःची टाकी. तीन महिन्यांतून एकदा जायचं, नमुना घ्यायचा, नोंदवही बघायची. त्या दिसल्या की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. एका टेकडीवरच्या वस्तीत मात्र पंपवाले काका खुर्ची पुसून पुढे सरकवत. तेही एकटेच. चहा होई, बसची वेळ होईपर्यंत गप्पा होत. त्या दिवशी बाई दुसरी कुठलीही वस्ती घेत नसत.

एका खेपेला बाईंनी नळाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन थेंब टाकले. पाण्यात जंतू मारायचं औषध असेल तर ते पिवळं होतं. ते पांढरं स्वच्छच राहिलं. बाईंनी पुन्हा करून पाहिलं. मग नोंदवही उघडली. रोज औषधाचा एकच आकडा, एकाच शाईत. पंप जळून बंद होता त्या आठवड्यातसुद्धा.

“काका, टाकीत औषधाची पावडर कधी टाकलीत?”

काकांनी गुडघे चोळले. मग म्हणाले, “दोन महिने झाले. शिडी चढवत नाही आता. पण कोणाला सांगू नका, बाई. पाण्याच्या निमित्ताने चार माणसं दार वाजवतात. हे काम गेलं तर कोण येणार?”

बाईंनी पदर खोचला आणि त्या स्वतःच शिडी चढल्या. वर झाकण सरकलेलं होतं. पाण्यावर पिसं तरंगत होती आणि कडेला एक कबुतर मरून फुगलं होतं.

खाली आल्यावर त्या म्हणाल्या, “मला हे लिहावं लागेल.”

“आपली एवढी ओळख असून?”

“हे पाणी तान्ही लेकरं पितात, काका.”

पाणी उकळून प्या, असं वस्तीला सांगून बाई नमुना घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आला: पाणी पिण्यास अयोग्य. नळाला नोटीस लागली, टाकी उपसून घासली गेली, तोवर टँकर आला. वस्तीने काकांना फैलावर घेतलं आणि बाटलीवालीचाही उद्धार केला.

बाईंच्या स्वतःच्या अहवालात शेवटी एक परिच्छेद होता. तो त्यांनी तीनदा खोडून लिहिला होता. पंपवाला बदलू नये, औषध सोडायचं यंत्र खाली पंपापाशीच बसवावं, म्हणजे कोणालाच चढायला नको. कचेरीतल्या साहेबांनी आधी तो बाजूला सारला. बाई दोन महिने रोज त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी कंटाळून साहेबांनी सही केली. यंत्र बसलं, काकांचं काम टिकलं. ते कोणामुळे टिकलं हे काकांना कोणी सांगितलं नाही. बाईंनाही सांगवेना, ते उपकार बोलून दाखवल्यासारखं झालं असतं.

पुढच्या खेपेला काकांनी पंपघराचं कुलूप काढलं, नोंदवही ओट्यावर ठेवली आणि ते घरात गेले. आकडे आता रोज थोडे वेगळे होते, खरे होते. नळीतलं पाणीही छान पिवळं झालं. बाईंनी सही केली आणि बसला तासभर अवकाश होता म्हणून त्या ओट्यावरच टेकल्या.

थोड्या वेळाने काका दारात आले.

“पाणी बरं आहे ना?”

“चांगलं आहे.”

काकांनी मान हलवली. मग त्यांनी आत जाऊन दार लोटून घेतलं.