तिसऱ्या दिवसाचा फोटो

जुन्या जालन्यातल्या सीटी स्कॅन सेंटरवर मशीन चालवणारे फोटोमामा पेशंटला "श्वास रोखा" म्हणायचे आणि काचेआड स्वतःचाही रोखून धरायचे. मशीन थांबलं की दोघं एकदमच सोडत. कुंभार पिंपळगावहून थोरल्या भावाला, दादाला घेऊन गेलो तेव्हा मला ते पाहून हसू आलं होतं.

दादाच्या पोटातली कळ थेट पाठीत जात होती. दवाखान्यातल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. स्वादुपिंड मात्र आतड्यातल्या गॅसमागे झाकलेलं. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "स्वादुपिंडाला सूज आहे. सलाईन चालू ठेवू, सीटी तीन दिवसांनी काढू." मी आठवीतून शाळा सोडलेला, घाबरट. मला वाटलं, मोठा फोटो टाळतात म्हणजे काहीतरी लपवतात. हट्टानं त्याच दिवशी काढायला लावला.

मामा म्हणाले, "लई जल्दी आला रे तू. आत खराबी होऊन राह्यली तरी आज दिसत न्हाई. फोटो चांगला आला म्हणून नाचू नको." मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन घरं पुढं बोट सरकवून त्यांनी माझा फोन नंबर लिहिला. घाई करणाऱ्या सगळ्यांचाच ते असा लिहून घेत.

रिपोर्टात थोडी सूज, बाकी ठीक. इंजेक्शनानं दादाची कळही थांबलेली. डॉक्टर नको म्हणत असताना मी सही करून त्याला बाहेर काढलं. आधी राजूरला गणपतीचं दर्शन, मग गाव. गाडीत दादा म्हणाला, "तुझ्यापेक्षा ते मशीन शहाणं हाय बघ."

तिसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन आला. "दवाखान्यातच हाय ना रे पेशंट?"

दादा समोर बाजेवर धापा टाकत होता. शिव्या पडतील, या भीतीनं मी म्हणालो, "हो मामा."

"मंग बराबर," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दादाला उचलूनच जालन्याला नेलं. या वेळी नसेतून औषध सोडून फोटो काढला. मामा पडद्याकडं बोट करून म्हणाले, "रक्त पोचतं तिथं उजळतं." दादाचं अर्धं स्वादुपिंड काळंच राहिलं. मामांनी माझ्याकडं पाहिलं. फोनचा विषय काढला नाही.

दादा अठरा दिवस झुंजला. मामा रोज दुपारी माझ्यासाठी डबा आणत आणि समोर बसून खायला लावत. शेवटच्या दिवशी म्हणाले, "एक दिवस आधी आणला असता तरी सांगता येत न्हाई, पोरा." ते खरं होतं की माझ्यासाठी होतं, विचारायची हिंमत झाली नाही.

तेरावं उरकून मी इकडं कोइमतूरला सूतगिरणीत आलो. राहिलेला डबा वहिनी परत द्यायला गेली, तेव्हा मामा तिला म्हणाले, "तुमच्या दिरानं काही कमी केलं न्हाई, माय."

वहिनीनं हे मला फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "भाऊजी, कुणी एक फोन करून बजावलं असतं, तर आपण गेलो असतो ना?"

मी हो म्हणालो.